‘आजी इज सॅड’ : नातवाने लिहिलेल्या एका शब्दाबद्दल

पत्र थोडक्यात असं आहे : मी साताऱ्याची, वय ६४. मिस्टर यंदा मार्चमध्ये गेले. ऑक्टोबरपासून मुलीकडे लंडनला, हॅरोमध्ये आलेय, मार्चमध्ये वर्षश्राद्धाला परत जाणार. नातू साडेपाच वर्षांचा आहे. परवा शाळेतून त्याने एक चित्र आणलं, खिडकीत बसलेली बाई, हातात घड्याळ, सगळं निळ्या खडूने रंगवलेलं, आणि खाली इंग्लिशमध्ये ‘आजी इज सॅड’. ह्यांचं जुनं चावीचं एचएमटी मी सोबत आणलंय, चार वाजता अंधार पडला की त्याला चावी देते, तेव्हा कधी डोळ्यात पाणी येतं, ते त्याने बघितलं असणार. टीचरने मुलीला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. तेव्हापासून मुलगी सारखी विचारते, आई तू सॅड आहेस का, आणि नेटवर वाचून म्हणते तुला एसएडी झालंय, लाइटचा दिवा मागवूया. मी म्हणते मी सॅड नाही. पण मग मी काय आहे? या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि शेजारची गोरी बाई भेटल्यावर ‘सॉरी फॉर युवर लॉस’ म्हणाली, मी म्हटलं ‘नो नो, नॉट युवर मिस्टेक’. मुलगी ओशाळली. माझं काय चुकलं? नातवाला काय सांगू?

---

नमस्कार काकू,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या घड्याळापाशी थांबले. तुम्ही प्रश्न शब्दाचा विचारलाय म्हणून आधी शब्दाचंच बोलते, बाकीचं ओघाने येईलच.

सॅड हा तिकडच्या लहान मुलांचा शब्द आहे. म्हणजे मोठी माणसंही वापरतात, पण शाळेत भावना शिकवताना जी पहिली चार नावं देतात ना, हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड, त्यातला हा दुसरा. तिकडे बऱ्याच शाळांमध्ये रंगांचा तक्ताही असतो, निळा झोन म्हणजे मूल दमलंय, आजारी आहे, कंटाळलंय किंवा सॅड आहे. त्यामुळे नातवाने तुम्हाला निळं रंगवलं ते शाळेत शिकवल्यासारखंच केलंय. इंग्लिशमध्ये ‘फीलिंग ब्लू’ म्हणजे उदास वाटणं, आपल्याकडे निळा-सावळा म्हटलं की विठोबा डोळ्यासमोर येतो, त्याला बिचाऱ्याला हे कुठून माहीत असणार.

आणि साडेपाच वर्षांच्या मुलाकडे एवढा एकच शब्द आहे. आइस्क्रीम खाली पडलं तरी सॅड, मित्राने खेळायला घेतलं नाही तरी सॅड, पाऊस आला म्हणून पार्कात गेलो नाही तरी सॅड, आणि आजोबा गेल्यावर आजी खिडकीत बसते तेही सॅडच. म्हणून त्याने लिहिलेलं वाचून तुमच्यावर कसला शिक्का बसला असं समजू नका. त्याने बघितलं आणि त्याच्या पिशवीत जो शब्द होता तो काढून ठेवला.

आता गंमत सांगते, म्हणजे मला स्वतःला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी किती तरी दिवस ती डोक्यात घेऊन फिरत होते. या सॅडचा मुळातला अर्थ दुःखी असा नाहीच. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्लिशमध्ये हा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता पोट भरलेला, तृप्त. जर्मन भाषेत त्याचा भाऊ ‘झात’ (satt) अजून जिवंत आहे, जेवण झाल्यावर अजून वाढू का विचारलं की तिथले लोक आजही म्हणतात मी झात आहे, म्हणजे पोट भरलं. लॅटिनमध्ये त्याच कुळातला ‘सॅटिस’, पुरेसं, ज्यातून आपण रोज म्हणतो ते सॅटिसफाय झालं. मग इंग्लिशमध्ये काय होत गेलं की भरलेला म्हणजे सुस्तावलेला, सुस्तावलेला म्हणजे जड, जड म्हणजे गंभीर, आणि असं घरंगळत घरंगळत १४व्या शतकापर्यंत तो दुःखी या अर्थाला येऊन टेकला. जडपणाचा अर्थ मात्र कुठे कुठे तसाच राहिला. तिकडे पूर्वी भरीव लोखंडाच्या इस्त्र्या असायच्या, आपल्या कोळशाच्या इस्त्रीसारख्या पोकळ नाही, आख्खा ठोकळा, चुलीवर तापवून वापरायचा, त्याला सॅड आयर्न म्हणायचे. १८७१ मध्ये अमेरिकेत मेरी पॉट्स नावाच्या बाईने त्याला काढघाल करता येणारी मूठ बसवून पेटंट घेतलं, तर ती इस्त्री मिसेस पॉट्सची सॅड आयर्न म्हणूनच विकली गेली. ती इस्त्री काही दुःखी नव्हती काकू, जड होती.

आणि आता आपल्याकडे बघा. आपण काय म्हणतो? आभाळ भरून आलं. डोळे भरून आले. ऊर भरून आला. गळा दाटून आला. मन जड झालं. म्हणजे कुठे ते जुने इंग्लिश लोक आणि कुठे आपली साताऱ्याची माणसं, पण दोघांनाही असंच वाटलं की हे रिकामं होणं नाही, हे भरणं आहे. नातवाने त्याला न कळत जो शब्द लिहिलाय तो मुळाशी जाऊन बघितला तर ‘आजी भरून आलीये’ असाच होतो. मला तरी यात खोटं काही दिसत नाही.

पण तुम्ही ‘मी सॅड नाही’ म्हणता तेही खोटं नाही, आणि ते का हे सांगते. इंग्लिशमध्ये ‘आय अ‍ॅम सॅड’ म्हणतात, म्हणजे मी सॅड आहे, जसं मी उंच आहे, मी सातारकर आहे. माणूस आणि ती भावना एकच होऊन जातात. मराठीत आपण सहसा असं बोलत नाही. मला वाईट वाटतं. मला रडू येतं. मला आठवण येते. मला करमत नाही. प्रत्येक ठिकाणी ‘मला’. ती गोष्ट बाहेरून येते, माझ्यापाशी बसते, उठून जाते, पण मी मीच राहते. म्हणून कोणी ‘तू सॅड आहेस का’ विचारलं की तुमच्या आतून नाही असंच उत्तर येतं, कारण तुम्ही सकाळी उठता, नातवाचा डबा भरता, जावयांना आवडते म्हणून भाकरी थापता, हसता, बोलता, आणि त्यात कधीतरी चार वाजता तुम्हाला आठवण येते. तुम्ही सॅड ‘आहात’ असं नाही, तुम्हाला ते ‘येतं’. तुमच्या तिथून जवळच्या आयर्लंडची जी जुनी भाषा आहे ना, त्यातही सहसा दुःखी आहे असं म्हणत नाहीत, ‘माझ्यावर दुःख आहे’ असं म्हणतात, खांद्यावर घोंगडी असावी तसं.

मुलीला हे असंच सांगा. तिला मराठी येतं, तिला लगेच कळेल.

आणि तुमच्या पत्रात एक शब्द तुम्ही वापरला नाहीत पण मला तो ओळीओळीत दिसला, तो म्हणजे करमत नाही. याला इंग्लिशमध्ये शब्द नाही हो. बोअर होणं नाही, लोनली नाही, सॅड नाही. घर भरलेलं आहे, लेक आहे, नातू आहे, खायला-प्यायला सगळं आहे, आणि तरी करमत नाही. मग हुरहूर आहे, ती संध्याकाळी लागते आणि तिला कारण सांगता येत नाही. रुखरुख आहे, शेवटच्या दिवसात अमुक एक करायचं राहिलं, हॉस्पिटलात न्यायला अर्धा तास उशीर झाला का असं मनात येत राहतं ती. हळहळ दुसऱ्यासाठी असते, खंत स्वतःची असते. यातलं तुम्हाला नेमकं काय येतं ते तुम्हीच जरा शांतपणे बघा, कारण प्रत्येकाला औषध वेगळं आहे. हुरहुरीला सोबत लागते. रुखरुखीला कुणापाशी तरी एकदा सगळं बोलून टाकावं लागतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, समोरच्याने मध्ये ‘जाऊ दे आता’ न म्हणता. करमत नसेल तर हाताला काम लागतं, आणि आपल्या भाषेत गप्पा मारणारं माणूस लागतं. लंडनला डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, हॅरोहून फार लांब पडत नाही, जावयांना म्हणावं एखाद्या रविवारी घेऊन चला. तिथे कुणी ना कुणी साताऱ्याकडचं निघेल, निघालं नाही तरी मराठी कानावर पडेल.

शेजारणीचं. तुमचं काही चुकलेलं नाही, ओशाळण्यासारखं तर अजिबात नाही. आपण सॉरी हा शब्द शिकलो तो माफी मागायचा म्हणून, पायावर पाय पडला की सॉरी. पण तो मुळात ‘सोअर’ पासून आलाय, सोअर म्हणजे दुखरं, ठणकणारं. म्हणजे ‘सॉरी फॉर युवर लॉस’ म्हणताना ती बाई माफी मागत नव्हती, तुमचं माणूस गेलं हे ऐकून मलाही दुखलं असं म्हणत होती. आपल्याकडे नाही का म्हणत, ऐकून फार वाईट वाटलं. तेच. (मी स्वतः कित्येक वर्षं समजत होते की सॉरी आणि सॉरो एकाच मुळाचे, तसं नाहीये, सॉरोचं नातं जर्मनमधल्या काळजी या अर्थाच्या शब्दाशी आहे.) उत्तर द्यायला ‘थँक यू’ एवढं पुरतं. अजून एखादं वाक्य बोलावंसं वाटलं तर ‘ही वॉज अ गुड मॅन’ म्हणा, तिला बरं वाटेल आणि पुढच्या वेळी ती त्यांच्याबद्दल काहीतरी विचारेल. तुमच्या त्या ‘नॉट युवर मिस्टेक’ने तिला राग आला असेल असं मला अजिबात वाटत नाही, उलट ही बाई किती मोठ्या मनाची असं वाटलं असेल.

टीचरला मुलीने काय सांगावं हेही सांगते. तिथे सॅड नको, ‘शी इज ग्रीव्हिंग, माय फादर पास्ड अवे इन मार्च’ एवढं सांगितलं की टीचरला सगळं समजेल, ती पुढे काही खोदून विचारणार नाही. ग्रीफ हा माणूस गेल्यानंतरच्या दुःखाचा शब्द, आपल्या शोकासारखा. तो लॅटिनमधल्या जड या अर्थाच्या शब्दापासून आलाय, आणि तो लॅटिन शब्द आणि आपला संस्कृत ‘गुरु’ एकाच मुळाचे, कारण गुरुचा पहिला अर्थ जड हाच. पुन्हा जडच बघा. आणि एक लक्षात ठेवा, मोठ्या माणसाबद्दल तिकडे नुसतं ‘ही इज सॅड’ म्हटलं तर कधी कधी त्याचा अर्थ कीव करण्यासारखा माणूस असाही होतो, बोलण्याच्या सुरावर असतं ते. लहान मुलाच्या तोंडी तो अर्थ नसतो, त्यामुळे चित्राबद्दल ती शंका मनात आणू नका.

आता ते एसएडी. हा शब्द नाही, तीन आद्याक्षरं आहेत, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. नॉर्मन रोझेंथल नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत हे नाव दिलं. ज्यांना दरवर्षी हिवाळा आला, दिवस लहान झाले की मन खाली जातं, झोप वाढते, गोड खावंसं वाटतं आणि वसंत आला की आपोआप बरं वाटतं, त्यांच्यासाठी ते आहे. ‘दरवर्षी’ हे त्यातलं महत्त्वाचं. तुमचा तिथला हा पहिलाच हिवाळा आहे आणि घरात नऊ महिन्यांपूर्वी मरण झालंय, त्यामुळे नेटवर वाचून असा निष्कर्ष काढता येत नाही. तरी मुलगी पूर्ण चुकली असंही नाही म्हणणार मी. साताऱ्यात डिसेंबरमध्येही सहा वाजेपर्यंत उजेड असतो, तिथे चारच्या आधीच सूर्य मावळतो आणि सकाळी आठ वाजून गेले तरी उगवत नाही, त्याचा शरीरावर परिणाम होतोच. आयुष्यभर जी कातरवेळ सहा-साडेसहाला यायची, ती तिथे साडेतीनला येऊन उभी राहते, घरात एकटं असताना, कोणी ऑफिसमधून आलेलं नसताना. दिवा मागवायचा तर मागवू दे, पण त्याआधी दुपारी बारा-एकच्या सुमाराला कोट, टोपी, मोजे घालून अर्धा तास बाहेर पडत जा, ढग असले तरी. घरातल्या ट्यूबपेक्षा तो ढगाळ उजेडसुद्धा कितीतरी जास्त असतो.

आणि हे मात्र गंभीरपणे ऐका. सलग दोन आठवडे रोज, दिवसातला बराच वेळ, कशातच मन लागत नाहीये, नातू जवळ आला तरी काही वाटत नाही, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येऊन मग झोपच नाही, असं झालं तर तेव्हा सॅड का करमत नाही का हुरहूर हे बघत बसायचं नाही, मुलीला स्पष्ट सांगायचं, डॉक्टरकडे ने. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, पेशंट म्हणून नाव घालता येतं, त्या भेटीचे पैसे पडत नाहीत. आणि आता आपण तरी कशाला राहायचं असा विचार एकदा जरी आला तर त्याच मिनिटाला सांगायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी उठवायचं. तिकडे समॅरिटन्स म्हणून संस्था आहे, मन फार खचलं की फोनवर ऐकून घेणारी, तिचा ११६ १२३ हा नंबर दिवस-रात्र चालू असतो. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलेलं नाही, पण लिहून ठेवते.

नातवाचं आता. ‘नाही रे बाळा, आजी सॅड नाही’ असं म्हणू नका, ही माझी हात जोडून विनंती. का ते माझ्या घरचं सांगते. माझे वडील गेले तेव्हा मी चांगली मोठी होते, आणि आई रडायला लागली की मी जवळ जाऊन म्हणायचे अगं रडू नकोस ना. दोन-तीनदा असं झालं आणि मग आई माझ्यासमोर रडायची थांबली. मला वाटलं सावरली. नंतर एकदा दुपारी मी लवकर घरी आले तर बाथरूममध्ये नळ धो धो चालू होता आणि बादली भरून वाहत होती, आई आत नळ सोडून रडत होती, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. मी दाराशी उभी होते आणि मला आत जाता येईना. एवढी वर्षं झाली, नळाचा तसा आवाज आला की मला आजही ते दार दिसतं.

तुमच्या नातवाने दाराबाहेर उभं राहून ऐकलेलं नाही, त्याने समोरून बघितलंय आणि चित्र काढून आणलंय. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि तुम्ही नाही म्हणालात तर त्याला वाटेल आपल्याला दिसतं ते खरं नसतं. त्याला म्हणा, हो, बरोबर ओळखलंस, मला आबांची आठवण आली होती. आठवण आली की डोळ्यात पाणी येतं, मग ते जातं, मग आपण वरण-भात खातो. इतकंच. मुलांना हे पटकन कळतं, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर. आणि मग त्याला शब्द द्या काकू. रोज एक. आज आठवण येणं, उद्या करमत नाही, परवा हुरहूर. त्याला तो शब्द म्हणून दाखवायला लावा, हुरहूर म्हणताना ओठ गोल होतात, मुलांना ते आवडतं. त्याच्याकडे आत्ता एक शब्द आहे, मार्चपर्यंत पाच-सहा होऊ देत. या चित्राच्या मागच्या बाजूला तुमच्या हाताने मराठीत लिहा, आजीला आबांची आठवण येते, आणि खाली तारीख घाला.

आणि मुलगी. तुमच्या सबंध पत्रात ती काळजी करणारी, ओशाळणारी, दिवा मागवणारी अशीच येते, पण काकू, तिचेही बाबा गेलेत. मार्चमध्ये ती आली असेल, दिवस होईपर्यंत राहिली असेल आणि मग नोकरी, शाळा म्हणून परत गेली असेल, आणि तिकडे गेल्यावर ज्यांना तिचे बाबा माहीतच नव्हते अशा माणसांमध्ये सकाळी नऊला मीटिंगला बसली असेल. ती दिवसातून तीनदा विचारते, आई तू सॅड आहेस का. मला वाटतं एकदा तरी तुम्ही तिला उलट विचारावं, तुला कसं वाटतंय गं, बाबांची आठवण येते का. ती कदाचित ‘मी ठीक आहे’ म्हणेल, ऊठून भांडी लावायला घेईल. घेऊ दे. तुम्ही तिथेच ओट्याशी उभ्या राहा, पुसायचं फडकं हातात घ्या आणि एकेक भांडं पुसत राहा, काही बोलू नका.

आणि ते घड्याळ, चार वाजता एकटीने काढू नका. नातू शाळेतून आला, दूध पिऊन झालं, की मग काढा, त्याच्यासमोर, जमलं तर शनिवार-रविवारी मुलगी घरी असते तेव्हा तिलाही बोलवा. आबा रोज किती वाजता चावी द्यायचे, कुठल्या हाताने, आधी कानाला लावून बघायचे का, ते सगळं सांगा. एक दिवस त्याच्या हातात द्या आणि त्याला चावी देऊ दे. फक्त जवळ बसा आणि त्याला सांगून ठेवा की हळू फिरवायचं आणि घट्ट लागलं की थांबायचं, जुनं घड्याळ आहे, पुढे पिळलं तर स्प्रिंग तुटते आणि ती बसवून देणारा माणूस आता साताऱ्यातसुद्धा शोधावा लागतो.